रक्ताच्या दोन नळ्या

सकाळी आठ ते एक नर्सिंगचं कॉलेज आणि दुपारी दोन ते आठ हॉस्पिटलात मदतनीस, असं माझं पहिलं वर्ष गेलं. कॉलेजातला पांढरा ऍप्रन घडी करून पिशवीत टाकायचा आणि हॉस्पिटलचा मरून रंगाचा ड्रेस चढवायचा.  बेडपॅन देणं, चादरी बदलणं, पेशंटला एक्स-रेला नेणं, तपासणीचं रक्त खाली पोचवणं, एवढंच माझं काम. सुईला, सलाइनला हात लावायचा नाही, हे पहिल्याच दिवशी बजावलेलं होतं. आधी काही कळत नव्हतं तेव्हा मी निवांत असायचे. पण चार धडे शिकले आणि कुणाचे ओठ जरा निळसर दिसले तरी मलाच धास्ती वाटू लागली.

सिन्नरजवळच्या आमच्या गावात मी घरातली पहिलीच शिकणारी. आई फोनवर विचारायची, "जमतंय ना गं?" मी म्हणायचे, "जमतंय की."

त्या दिवशी बायकांच्या वॉर्डात दोघींना रक्त चढवायचं होतं. एक मांडीचं हाड मोडलेल्या आजी. दुसरी लासलगावकडची, व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांदा निवडणारी पन्नाशीची बाई. तिची गर्भपिशवी काढली होती आणि अंगात रक्त उरलं नव्हतं. मी तिला मावशी म्हणायचे. आदल्या दिवशी तिने माझ्याकडून वेणी घालून घेतली होती.

आल्या आल्या सिस्टरने दोघींच्या रक्ताच्या नळ्या माझ्या हातात दिल्या. प्रत्येक नळीभोवती त्या पेशंटच्या नावाचा कागद गुंडाळून रबर लावलेलं. "खाली रक्तपेढीत दे. मॅच करून पिशव्या देतील," ती म्हणाली. लिफ्टला गर्दी होती म्हणून मी जिन्याने निघाले. दुसऱ्या मजल्यावर एक रबर तटकन तुटलं, ते धरायला गेले तर दुसऱ्या नळीचा कागदही सुटला. नळ्या फुटल्या नाहीत, एवढ्यानेच मला हायसं वाटलं. मी त्या उचलल्या, नावं बघितली, कागद परत गुंडाळले, केसांतलं एक रबर काढून लावलं आणि खाली देऊन आले. कुणाला काही बोलले नाही. त्यात बोलण्यासारखं काही आहे असं तेव्हा वाटलंही नाही.

चारच्या सुमारास मावशीला पिशवी लागली. सिस्टरने पिशवीवरचा नंबर कागदाशी ताडून बघितला, रक्त हळू सुरू केलं आणि तेवढ्यात समोरच्या खाटेवरच्या बाईला भडाभडा उलटी झाली. "इथे उभी राहा, लक्ष ठेव," असं मला सांगून ती तिकडे धावली.

मी उभी राहिले. नळीतून थेंब पडत होते. मावशी सुनेबद्दल काहीतरी सांगत होती, आणि मधेच थांबली.

"पोरी, पंखा बंद कर गं. लय थंडी वाजून ऱ्हायली."

पंखा बंदच होता. मी तिच्या अंगावर ब्लँकेट टाकलं. ब्लँकेटखाली तिचे गुडघे हलायला लागले, मग दात वाजायला लागले. "कंबर दुखती," ती म्हणाली. तिच्या कपाळाला हात लावला, तर चटका बसला.

आठवड्यापूर्वीच हे वर्गात झालं होतं. थंडी, ताप, कंबरदुखी. चुकीचं रक्त गेलं तर असं होतं, माणूस दगावतं. आणि मला जिना आठवला. मी नावं खरंच वाचली होती की नुसती बघितली होती? कुठला कागद कुठल्या नळीला लावला? आठवायला गेले की दर वेळी वेगळंच दिसायचं.

"सिस्टर!" मी ओरडले.  ती पडद्याआड होती, तिला ऐकूच गेलं नाही. पुन्हा ओरडले आणि तिची वाट न बघता नळीवरचं चाक खालपर्यंत फिरवून बंद केलं. थेंब थांबले. ती येईपर्यंत मी हात चाकावरून काढला नाही.

सिस्टर धावत आली. तिने सगळी नळी बदलली, नुसतं सलाइन सुरू केलं, डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर आले, इंजेक्शन दिलं, पिशवीवरचा नंबर पुन्हा वाचला. "नंबर तर बरोबर आहे," सिस्टर म्हणाली.

नंबर बरोबर असणारच. मूळ नळ्यांच्या कागदांचीच अदलाबदल झाली असेल, तर त्या नंबराला काय अर्थ? हे फक्त मला माहीत होतं. गप्प बसले असते तर कुणाला कळलंही नसतं. पण त्याच नळ्यांवरून आलेली दुसरी पिशवी आजींच्या खाटेजवळ ट्रेमध्ये ठेवलेली होती.

"सर," मी म्हणाले, "खाली नेताना जिन्यात दोन्ही नळ्यांचे कागद सुटले होते. मीच परत बांधले."

 डॉक्टरांनी विचारलं, "नळ्यांवर नावं होती ना? वाचून बांधलेस?"

"वाचलं असं वाटतंय. पण आता खात्री नाही."

ते रागावले नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली. त्यांनी आजींची पिशवी उचलायला लावली आणि दोघींचं नव्याने रक्त काढून खाली पाठवलं. या वेळी सिस्टर स्वतः गेली.

मी मावशीजवळ बसून राहिले. चुकीचं रक्त गेलं असेल तर लघवी लाल होते, ते बघायला सांगितलं होतं. दर वेळी बेडपॅन उचलताना माझे डोळे आपोआप मिटायचे आणि मी ते जोर लावून उघडायचे. तिची सून दारात उभी राहून विचारत होती, "ताई, काय झालं हो?"  पोलीस, कॉलेजातून काढणं, गावात आईचा चेहरा, सगळं एकाच वेळी डोळ्यांपुढे यायचं.

साडेसहाला खालून निरोप आला. दोन्ही नळ्या बरोबर होत्या. पिशवीही मावशीचीच. "काहींच्या अंगाला बरोबर रक्तही सोसत नाही," डॉक्टर म्हणाले, "थांबवलं ते बरं झालं." तोवर मावशीचा ताप उतरला होता, ती घामाने भिजून झोपली होती. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले.

निघताना सिस्टरने मला बाजूला घेतलं. "रक्त मी बंद केलं असं फाइलमध्ये लिहिलंय. तू हात लावलास हे बोलू नकोस, नाहीतर दोघींची नोकरी जाईल." मी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी मेट्रनने कागद सुटल्याबद्दल माझ्याकडून माफीनामा लिहून घेतला. चाकाबद्दल त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. तेवढं मात्र अजून सलतं.

त्यानंतर दोन दिवसांनी मावशीला पुन्हा रक्त द्यायचं ठरलं. तसा त्रास होऊ नये म्हणून आधी इंजेक्शन दिलं, मग पिशवी टांगली. ती बघताच मावशीने माझं मनगट धरलं. "त्या दिवसासारखं नाय ना व्हायचं?"

"नाही व्हायचं," मी म्हणाले. मला काही ठाऊक नव्हतं. सिस्टर या वेळी हलली नाही. धोक्याची असतात ती पहिली पंधरा मिनिटं आम्ही तिघी थेंबांकडे बघत राहिलो. मग मावशीने मनगट सोडलं आणि पाणी मागितलं.