तूबा खानमच्या दाराचं कडं

आमच्या हश्मतच्या गाडीतून जे कोणी वाळवंट फिरून गेले, त्या सगळ्यांची तक्रार एकच: इस्फहान बघायला वेळच मिळाला नाही. अहो, जिथल्या चौकात बसायला लोक सातासमुद्रापलीकडून येतात, तिथे आमचा हा शहाणा त्यांना अर्धा दिवस देतो. निळे घुमट झाले, पूल झाला, चला, बसा गाडीत. काशानला गुलाबपाण्याच्या दुकानात कोणी नाक पुढे केलं की याचं लक्ष घड्याळाकडे. नाईनच्या जुन्या मशिदीत तर पाहुण्यांना धड बूटसुद्धा घालू देत नाही. कारण उन्हं कलायच्या आत गाडी यझदला, फहादान मोहल्ल्यात पोचायला हवी असते.

फहादानमध्ये असं काय आहे? मातीच्या भिंती आहेत, छपरावर वारा खाली घेणारे बादगीर आहेत, बादगीरांच्या बुडाशी एसीचे डबे गुरगुरतायत. आणि तूबा खानमचं दार आहे.

मी हश्मतची थोरली बहीण, पूरान. नवरा गेल्यापासून भावाकडेच राहते. आमची आई बरीच वर्षं अंथरुणाला खिळून होती. तिचं सगळं त्याने केलं, मुलीने करावं त्याच्याही वर केलं, आणि त्यात त्याचं लग्नाचं वय कधी निघून गेलं ते आम्हाला दोघांनाही कळलं नाही. आता पन्नाशी उलटली आहे, केस विरळ झालेत, पण मिशी मात्र रोज रंगवतो. माझा जीव आहे त्याच्यावर. म्हणून तर एवढं बोलते.

तर ते दार. आमच्याकडच्या जुन्या दारांना दोन वस्तू लावलेल्या असतात. एका फळीवर जाडजूड लोखंडी ठोका, तो पुरुषांनी वाजवायचा. दुसरीवर नाजूक कडं, ते बायकांनी. आतल्या माणसाला आवाजावरून कळतं की बाहेर कोण आहे. ठोका वाजला तर घरातला पुरुष उठतो, कडं वाजलं तर बाई. हश्मत पाहुण्यांना दारासमोर उभं करून हेच सगळं रंगवून सांगतो, मग त्यांच्यातली एखादी हसतमुख बाई हेरतो आणि म्हणतो, वाजवून बघा ना. मोहल्ल्यात अशी दारं पायलीला पन्नास आहेत. वाजतं ते हेच.

कडं वाजलं की तूबा खानम येते. तिचा नवरा फार लवकर गेला. ती घरी कोत्ताब तळते, बदामाचं सारण भरलेले, साखरेत घोळवलेले गोळे, आणि तिच्या हातचे कोत्ताब खाल्ल्यावर दुकानातले तोंडात धरवत नाहीत. कोपरापर्यंत साखर माखलेली अशी ती दारात उभी राहते, पाहुण्यांकडे बघून हसते आणि विचारते, चहा घेणार? यावर हश्मत छातीवर हात ठेवून म्हणणार, नको नको, तुम्हाला उगाच त्रास. ती पुन्हा विचारणार, हा पुन्हा नको म्हणणार. आम्हा यझदच्या लोकांची रीतच आहे, आधी मनापासून नको म्हणायचं आणि मग मनापासून प्यायचा. पण आमच्या बावळटाला फक्त पहिला भाग येतो. दार लागायचं, आणि हा घरी येऊन मला सांगायचा, "आब्जी, ताई गं, आज तूबा खानम दारात आल्या होत्या." जसं काही ती आपण होऊन आली होती.

मी किती वेळा म्हटलं की बाबा, मी जाते विचारायला. असली बोलणी घरच्या बायकांनीच सुरू करायची असतात. तर मलाच गप्प करायचा. म्हणे, लोक काय म्हणतील. लोक काय म्हणत होते ते कोपऱ्यावर रोट्या भाजणाऱ्या नानवाईला विचारा. याची गाडी वळली की तो तंदुरात डोकं घालून ओरडायचा, आले बरं का नवरदेव. अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. आपलं गुपित कोणाला ठाऊक नाही, असं वाटणारा एकटा हश्मतच. अर्ध्या जगाला गावोगाव फिरवून आणायचं आणि मनातलं एक वाक्य गल्लीतल्या गल्लीत पोचवायचं नाही, याला काय म्हणावं?

तूबाचा भाऊ सादेक त्याच घरात माडीवर राहतो. त्याचं विजेच्या सामानाचं दुकान आहे आणि कपाळावर कायम आठी. दुपारची झोप पाहुण्यांनी मोडली की तो वरून खोकायचा. तेवढंच.

मग या वसंतात ते नको ते झालं. हश्मतच्या गाडीत पूल बांधणाऱ्या इंजिनिअरांचा गट होता, सगळे आडदांड बाप्ये, औषधालाही बाई नाही. ठोका वाजवावा तर सादेक खाली येणार. हश्मतने गल्लीत इकडेतिकडे पाहिलं, एक म्हातारीसुद्धा दिसेना. त्याला काय अवदसा आठवली कोण जाणे, त्याने स्वतःच कडं उचललं आणि वाजवलं.

आत तूबाला वाटलं, कोत्ताब न्यायला शेजारची कोणी आली. ती घरातल्या कपड्यांत, उघड्या डोक्याने, केस मोकळे, तशीच हसत आली आणि दार सताड उघडलं. समोर पुरुषांची भिंत. एकाने तर फोटोसाठी मोबाइलही वर धरला होता. तिचं हसू जागच्या जागी गेलं आणि दार धाडकन लागलं.

घरी येऊन त्याने सगळं मला सांगितलं, ताटाला हात न लावता. एरवी मी त्याची टर उडवते, त्या दिवशी मला हसू आलं नाही. मी म्हटलं, "ते कडं कशासाठी असतं हे जगाला सांगत फिरतोस ना? तिने त्या आवाजावर विश्वास ठेवला, हश्मत."

दुसऱ्या दिवशी सादेकने ठोका आणि कडं दोन्ही उपटून काढलं आणि कॅमेऱ्याची बेल बसवली. दाराला नुसती भोकं उरली.

तेव्हापासून हश्मतच्या सहली फार छान व्हायला लागल्या. इस्फहानला दोन मुक्काम, काशानला बागेत निवांत जेवण. पाहुणे खूश, काय शांत माणूस आहे म्हणतात. आणि हा घरी अर्धी भाकरी खाऊन उठतो. मिशी रंगवणंही सोडलं.

शेवटी मीच कोत्ताबचं निमित्त काढून तूबाकडे गेले. गोळे वळता वळता ती म्हणाली की हल्ली पाहुणे येत नाहीत वाटतं. मी म्हटलं, त्याला लाज वाटते.

"वाटायलाच हवी," ती म्हणाली. मग पुढचा गोळा हातात घेत म्हणाली, "पण एवढी?"

मला तेवढं पुरलं. घरी येऊन हश्मतला दम दिला की उद्या जाऊन माफी मागायची, एकट्याने, नाहीतर स्वतःची भाजी स्वतः कर. आणि दुसऱ्या दिवशी तो निघायच्या आधीच मी तूबाच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले. मग काय, मजा मी सोडणार होते?

बेल वाजली. फ्रिजशेजारच्या पडद्यावर माझा भाऊ उगवला, नाक भोपळ्याएवढं. बेल दाबली की आत दिसतंही आणि ऐकूही येतं, हे त्याच्या गावीच नव्हतं. तूबा हात पुसत उठली, तेवढ्यात तो एकटाच बोलायला लागला. "तूबा खानम, माफ करा. नाही, असं नको. आदरणीय तूबा खानम..." मग घसा खाकरला, आणि सवयीने गाडी भलत्याच रुळावर गेली: हे दार फार जुनं, लाकूड अमुक, खिळे तमुक. मी ओढणीत तोंड खुपसून हसत होते. मग तो थांबला. दाराच्या भोकांकडे बघत हळूच म्हणाला, "मी इथे येत होतो ते दारासाठी नव्हे."

माझं हसू थांबलं. तूबाने हातातलं फडकं खाली ठेवलं. मग तिने बोलायचं बटण दाबलं.

"ऐकलं मी, हश्मत आगा. कडं बायकांचं असतं. तुम्ही ठोका वाजवा. दार सादेक उघडेल. जे सांगायचं ते त्याच्यासमोर सांगा."

पडद्यावरचा हश्मत पांढराफटक पडला. "पण ठोका तर काढलाय," एवढंच त्याला सुचलं.

"गुरुवारी लागलेला असेल."

गुरुवारी ठोका लागलेला होता. शेजारी कड्याचं भोक तसंच होतं. हश्मतने सूट घातला होता, मिशी पुन्हा काळी कुळकुळीत. मी मागे फुलं आणि मिठाई घेऊन उभी. त्याने ठोका धरला आणि धरूनच राहिला. आयुष्यभर लोकांना त्याच्याबद्दल सांगितलं, पण स्वतः तो या दारावर कधी उचलला नव्हता. मग त्याने असा काही हाणला की नानवाई पीठभरल्या हातांनी बाहेर आला.

सादेकने दार उघडलं. आठी जागेवर होती. त्याने आमच्या मागे गल्लीत नजर टाकली.

"पाहुणे कुठायत?"

"आज पाहुणे नाहीत," हश्मत म्हणाला. "मीच आलोय."

सादेकने माझ्या हातातल्या फुलांकडे पाहिलं, मग हश्मतकडे, चांगलं टक लावून. शेवटी रीत म्हणून म्हणाला, या, चहा घ्या. यझदचा कोणीही माणूस इथे नको नको म्हणाला असता. सवयीने माझंही तोंड उघडलं होतं.

"घेतो," हश्मत म्हणाला, आणि बूट काढायला वाकलासुद्धा.