अव्वानं माझं नाव घेतलं

आमच्या अव्वाला, म्हणजे माझ्या सासूला, अख्खं भांड्याचं दुकान पेलायचं, पण सून पेलायची न्हाई. लग्न होऊन अहमदपूरला आले त्या वर्षीच आमचं बिनसलं. वरणात मीठ कमी, सड्याला पाणी जास्त, गिऱ्हाइकाशी हसून बोलले तरी वाईट. मी पण ऐकून घेणाऱ्यातली न्हाई. तिनं एक म्हणावं, मी दोन. आमचे हे, वीरेश, मधल्यामधे गप बसायचे.

पण बाई खमकी, हे मानलंच पाहिजे. सासरे तरुणपणीच गेले. तेव्हापासून अव्वा, सगळ्या गावाची रुद्राणीबाई, गल्ल्यावर बसली ती उठलीच न्हाई. पितळी घागर बोटानं वाजवून सांगायची, ही टिकंल, ती चिरंल. खेड्यापाड्यांतली लग्नाची भांडी तिच्याच दुकानातून जायची. उधार मागणाऱ्याला आधी झापायची, मग द्यायची.

मागच्या वर्षी तिच्या हृदयानं दगा दिला. पाय सुजायचे, आडवं पडलं की दम लागायचा. लातूरला नेलं, आयसीयूत ठेवलं. तिथल्या नियमानं अंगावरचं सगळं काढून ह्यांच्या हातात दिलं, त्यात गळ्यातलं लिंगही. आम्ही लिंगायत, दीक्षेच्या वेळी गळ्यात आलेलं लिंग मरेपर्यंत अंगावेगळं करत न्हाई. अव्वानं तोंडच मिटलं. लिंग न्हाई तर पाण्याचा थेंब न्हाई. शेवटी एका नर्सला दया आली, तिनं ते कापडात गुंडाळून दंडाला बांधलं, तेव्हा कुठं बाई पाणी प्याली.

घरी आल्यावर तिनं आमच्या डॉक्टर आनंदराजांना बोलावून घेतलं. सरळच विचारलं, "मी बरी होणार हाय का?"

डॉक्टर भला माणूस, खोटं बोलला न्हाई. "न्हाई अव्वा. हृदय थकलंय. दम कमी ठेवायला औषध देता येईल. पण परत असंच झालं तर काय करायचं, ते आताच सांगून ठेवा."

"परत तिकडं न्यायचं न्हाई. नळ्या नकोत. माझ्या घरात, बसल्या जागी, लिंग हातात घेऊन जाऊ द्या मला."

"आणि तेव्हा तुम्हाला बोलता आलं न्हाई तर? कुणाला विचारू?"

हे लेक म्हणून पुढं सरकले. अव्वानं त्यांच्याकडं बघितलं पण न्हाई. माझ्याकडं बोट केलं. "हिला."

मी उडालेच. म्हणलं, "आजवर माझं एक ऐकलं न्हाई, आणि आता मी?"

"वीरेश लई मायाळू हाय. माझे हाल बघून त्याचा धीर सुटंल, गाडी बोलावंल. तू माझ्याशी एवढी भांडलीस, तशी माझ्यासाठी बी भांडशील."

मला राग आला. खरं सांगते, लई राग आला. मरण तिचं आणि बोल माझ्या माथी. उद्या नणंद म्हणणार, सुनेनं म्हातारीला मारलं. तरी मी हाव म्हणाले. डॉक्टरांनी दम लागल्यावर कोणतं औषध किती द्यायचं, कसं बसवायचं, सगळं मला शिकवलं.

दिवाळी झाली आणि एका सकाळी पूजा करता करताच अव्वाचा श्वास कोंडला. बोलता येईना. मी औषध दिलं, तिच्या पाठीमागं बसून तिला छातीशी टेकवून धरलं. लिंग तिच्या डाव्या तळहातावर तसंच व्हतं. डॉक्टर आले, नाडी बघितली आणि मला म्हणाले, "बोला, काय करायचं?"

तेवढ्यात दारात ॲम्ब्युलन्स थांबली. ह्यांनीच फोन केला व्हता.

"उठ," हे म्हणाले. "लातूरला नेऊ."

"न्हाई."

"मंजू, आई हाय ती माझी."

"म्हणूनच तुमच्यावर सोडलं न्हाई तिनं."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की वाटलं आता हात उगारतात. मग दाराकडं गेले. गाडीतली माणसं आत आली असती तर मी एकटी काय करणार व्हते? थोड्या वेळानं गाडी परत जाताना ऐकली. हे आत आले आणि आईच्या पायाशी बसून लेकरासारखे रडले.

औषधानं तिची तडफड थांबली. दुपारी श्वास हळूहळू उतरत गेला आणि अव्वा गेली, माझ्या अंगावर टेकूनच.

आमच्यात गेलेल्या माणसाला आडवं करत न्हाईत. बसवूनच ठेवतात, बसवूनच माती देतात. जंगम, म्हणजे आमचे पुरोहित, येऊन भिंतीशी बसवीपर्यंत मला तिला तसंच धरून राहायचं व्हतं. माझे हात भरून आले व्हते. तेवढ्यात नणंद ऋतुजा उदगीरहून आली, ती दारातूनच ओरडत. "दवाखान्यात का नेलं न्हाई? वहिनी, माझ्या आईला का नेलं न्हाई?"

सगळं घर माझ्याकडं बघून राहिलं. एकाला दोन म्हणणारी मी, नुसती अव्वाचं कलंडणारं डोकं सावरत बसले.

"तिला काय विचारतीस?" हे म्हणाले. "मला विचार. मीच नेलं न्हाई."

मग माझ्या शेजारी येऊन बसले आणि आईचा अर्धा भार आपल्या खांद्यावर घेतला.