आठ शेर बळाची बंडी

ऐन पोळ्याच्या दिवशी मी आमची बैलबंडी ओढली आहे. बैलांच्या जागी. एकट्याने.

तेव्हा मी वर्ध्याला इंटर सायन्सला होतो, पोळ्यासाठी गावी आलो होतो. धाकट्या बहिणीला, कमलला, वर्ध्यालाच मास्तरणीच्या ट्रेनिंगला जागा मिळाल्याची चिठ्ठी त्याच सकाळी आली. उद्या हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसरीला! बाबा तर टपूनच होते, "नाई जमलं तं लगन करून टाकू." मोटार हिंगणीहून दुपारी सुटायची. हिंगणी तीन मैल.

"बाबा, बंडी जुपा ना!"

"आज? पोळ्याच्या दिशी बैलाच्या मानेवर जू? येडा झाला काय बे?"

बैल शिंगांना बेगड लावून पुरणपोळी खात होते. मी पाटी घेतली. बंडी, ट्रंक, वळकटी, कमल आणि सोबतीला आई (तिचं वजन तिला न विचारता धरलं!) मिळून हजार पौंड. त्वरण बेताचं, अर्धा फूट. वस्तुमान गुणिले त्वरण, भागिले बत्तीस: जेमतेम सोळा पौंड.

"फक्त आठ शेर बळ! याहून तं तुई घागर जड राह्यते, आई!"

"मंग बैल काऊन दोन लागते रे?"

"बैलाले गणित येत नाई म्हणून!" (हे मी खरंच म्हणालो.)

जू खांद्यावर घेतलं. गल्लीतल्या मुरमावर तीस पावलं गेलो, छाती फुगली. पुढे काळी माती. चाकं रुतली, मी आपटलो, धोतर जुवाला अडकून राहिलं! सारं गाव जमलं. शेजारच्या काकू ताट घेऊन धावल्या, "याले बी पुजा वं!" आणि कपाळावर कुंकू, तोंडात पुरणपोळी. मी जू सोडलं नाही. डोळ्यांसमोर बहिणीचा मांडव दिसत होता.

बंडीत बसून कमल पाटी वाचत होती.

"दादा, याच्यात चिखल कुठी हाये?"

घर्षणाचा धडा दिवाळीनंतर होता.

ती खाली उतरली. पदर खोचला, ट्रंक डोक्यावर घेतली, वळकटी आईकडे दिली आणि तरातरा निघाली. मला फार वाईट वाटलं. तिला पोचवायला किती बळ लागेल, हे मी पाटीभर मांडलं होतं. तिच्या अंगात किती आहे, ते विचारलंच नव्हतं.

संध्याकाळी आई एकटीच परत आली. "भेटली मोटार."

बाबांनी कमलच्या लग्नाचं पुन्हा नाव काढलं नाही. माझ्याकडे बघत म्हणाले, "हिले शिकू द्या. लगन याचं करून टाकू."