गावपळणीत मागे राहिलेलं दप्तर

परवा पुण्यात आमच्या सोसायटीतल्या एक बाई मला जिन्यात गाठून म्हणाल्या, मुलाला सहावीपासून मेडिकलच्या फाउंडेशन क्लासला घातलंय, तुम्ही डॉक्टर, तुम्ही कधी सुरुवात केली होती? मी म्हटलं, नववीत. त्या म्हणाल्या, उशीरच म्हणायचा. मी हसले, वर आले, आणि चहा टाकता टाकता एकटीच धुसफुसत राहिले. उशीर म्हणे! त्या मुलाचे दुधाचे दात अजून सगळे पडले नसतील.

नववीत मी गावी होते, आचरा-मालवणच्या बाजूला. भात आणि काजू, एवढंच आमचं. कोल्हापुरात मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची तयारी करून घेणारा एक क्लास होता. नववीच्या मुलांची ते कणकवलीत परीक्षा घ्यायचे. वरच्या नंबरात आलं की अकरावी-बारावीचं शिक्षण आणि हॉस्टेल, दोन्ही फुकट. म्हणजे हिशोब सरळ होता. पास झाले तर दहावीनंतर कोल्हापूर. नाही झाले तर रोज एसटीने मालवणचं कॉलेज आणि रात्री घरी पेजेला हजर. बाबांनी ते मनावर घेतलं. मला जायचंय का, हे कोणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही, कारण मलाच ठाऊक नव्हतं.

क्लासने पाठवलेली पुस्तकं उशाला घ्यावीत इतकी जाड होती. वर्गातल्या मुली जत्रेत दशावतार बघायच्या तेव्हा मी अणू-रेणू मोजत बसायचे. बाबा पडवीत नारळ सोलता सोलता प्रश्न विचारायचे आणि ‘ए, बी, सी, डी’ असे पर्याय वाचायचे, एसटीचा कंडक्टर थांबे पुकारतो त्याच आवाजात. आई आतून म्हणायची की चेडवाला, म्हणजे मला, निदान जेवू तरी दे. तेव्हा जीव नुसता कावायचा. आता तो आवाज कुठे ऐकू आला तर मी सगळी कामं टाकून ऐकत बसेन.

परीक्षा रविवारी होती, आणि त्याच आठवड्यात गावपळण आली.

आमच्या गावात दर तीन वर्षांनी गाव पळतो. मार्गशीर्षात, भात घरात आलं की देवाला कौल लावतात. पाषाणाला पाकळ्या चिकटवायच्या, उजवीकडची पडली की देवाचा होकार. होकार आला की अख्खा गाव तीन दिवस तीन रात्री शिवेबाहेर. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळी. चूल विझवायची, दार ओढून घ्यायचं आणि व्हाळापलीकडच्या, म्हणजे ओढ्यापलीकडच्या मळ्यात झावळ्यांच्या खोपी घालून राहायचं. त्या दिवसांत गाव देवाचा. आत पाऊल टाकायचं नाही, मग काहीही होवो. चौथ्या दिवशी पुन्हा कौल, आणि तो उजवा आला की परत.

कौल शुक्रवारचा आला. बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. देवाला तारीख पुढे ढकल म्हणता येत नाही आणि क्लासलाही नाही. शेवटी ठरलं की पुस्तकं बरोबर घ्यायची, मी खोपीत बसून अभ्यास करायचा आणि रविवारी तिथूनच कणकवलीला जायचं.

निघायच्या दिवशी ही घाई! आमची एक कोंबडी खुडूक होऊन माळ्यावर अंड्यांवर बसली होती. तिला अंड्यांसकट न्यायला हवं होतं आणि ती तर मेली जवळ येऊ देईना. ते काम माझ्या गळ्यात पडलं. टोचून टोचून तिने माझे हात लाल केले. कशीबशी ती पाटीत बसली, वर मी फडकं बांधलं, आणि ढोल वाजायला लागले म्हणून पाटी डोक्यावर घेऊन धावत सुटले. खोपीत पोचल्यावर बाबांनी विचारलं, दप्तर कुठंय? दप्तर पडवीतल्या खुंटीवर होतं. आईला वाटलं बाबांनी घेतलं, बाबांना वाटलं माझ्या पाठीवर आहे, आणि माझ्या डोक्यावर कोंबडी.

बाबा आईवर भडकले, आई माझ्यावर, मी कोंबडीवर. मग मी भोकाड पसरलं. व्हाळाच्या काठावरून पोफळींमधून आमच्या घराची कौलं दिसायची, हाकेच्या अंतरावर. एक चुलतकाका हळूच म्हणाला, पटकन जाऊन आणूया, कोण बघता? बाबा काठावर बराच वेळ उभे राहिले. चप्पल काढली, परत घातली. माझ्या परीक्षेपायी तो माणूस वर्षभर झटला होता, पण व्हाळ काही त्यांनी ओलांडला नाही. माघारी आले आणि खोपीची झावळ नीट करत बसले.

आणि मग, खरं सांगते, माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे दिवस सुरू झाले. पुस्तकच नाही तर अभ्यास कसला? आम्ही पोरी व्हाळात मासे पकडायचो, पाय दुखेपर्यंत फुगड्या घालायचो. एरवी बांधावरून भांडणारी घरं एकमेकांच्या चुलीवरचं सार चाखत होती. गावात न बोलणाऱ्या दोन जावा इथे शेजारी शेजारी भाकऱ्या थापत होत्या. मांजर सगळ्या खोपींतून जेवून यायचं. असं सगळ्यांनी मिळून घराबाहेर असणं मला पुन्हा कधी मिळालं नाही.

शनिवारी तिन्हीसांजेला बाबांनी मला व्हाळावर बोलावलं. मला वाटलं, आता ए, बी, सी, डी. पण ते पाण्याकडे बघत म्हणाले, “जावचा नसात तर आत्ताच सांग. तुका कोण काय बोलूचा नाय.”

अख्ख्या वर्षात पहिल्यांदा विचारलं, आणि विचारलं ते अशा जागी! मागे चुली पेटल्या होत्या, कोणीतरी भजन धरलं होतं, आई मला जेवायला हाका मारत होती. समोर आमचं घर काळोखात होतं आणि त्याची मला तिळमात्र काळजी वाटत नव्हती. दोन दिवसांनी आपण तिथेच जाणार हे मला पक्कं ठाऊक होतं. मला वाटलं, गाव सोडणं म्हणजे हेच. जायचं, चार दिवस मजेत राहायचं, आणि कौल आला की परत. यात घाबरायचं काय?

मी म्हटलं, “जातंय. कायमचा थोडाच जावचा आसा? येतलंयच ना परत.”

बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि जेवायला चल म्हणाले. त्यांना तेव्हाच कळलं असणार. मला कळायला पुढे वर्षं गेली.

सकाळी मी बाबांच्या स्कूटरवर बसणार तोच गावातल्या जाणत्या आजोबांनी सगळ्यांना गोळा केलं आणि माझ्यासाठी गाऱ्हाणं घातलं. ह्या आमच्या चेडवाला परीक्षेत यश दे, अडलं-नडलं तर वाट दाखव. प्रत्येक वाक्याला अख्खा मळा ‘व्हय म्हाराजा’ म्हणत होता. झालं! आता नापास व्हायचीही सोय उरली नव्हती. कणकवलीला हॉलतिकीट पुन्हा छापून घेतलं, कारण पहिलं दप्तरात. माझ्या केसांना धुराचा वास येत होता आणि शेजारच्या बाकावरचा मुलगा सारखा नाक मुरडत होता. पेपर मला सोपा गेला. दोन दिवस डोकं मोकळं होतं म्हणून असेल.

चौथ्या दिवशी कौल उजवा पडला. वाजतगाजत आम्ही घरी आलो. दप्तर खुंटीवर जसंच्या तसं होतं आणि कोंबडीने पुढे सगळी पिल्लं काढली. माझा नंबर लागला. दहावीनंतर बाबा मला पोचवायला निघाले तेव्हा तळेऱ्याला गाडी कोल्हापूरच्या रस्त्याला वळली आणि त्यांनी उगाचच माझ्या बॅगेची चेन ओढून बघितली. दप्तर घेतलंस मा, एवढंच विचारलं.

पुढची गावपळण आली तेव्हा मी बारावीत होते. क्लासमध्ये सुट्टी मागितली तर सर म्हणाले, गाव पळतो म्हणजे काय? मी समजावलं. ते हसले, आणि सुट्टी दिली नाही. दर रविवारी टेस्ट असायची. पळणीच्या रात्री मी हॉस्टेलच्या खोलीत सेन्ट्रिफ्युगल, म्हणजे केंद्रापासून बाहेर ढकलणारं बल घोकत होते आणि मनातल्या मनात खोपी मोजत होते. आमची कुठे घातली असेल, व्हाळाला पाणी असेल का, कोंबड्या कोणी धरल्या असतील.

चौथ्या दिवशी दुपारी आईचा फोन आला. कौल उजवा आला म्हणाली. मागे ढोल ऐकू येत होते, गुरांच्या घंटा ऐकू येत होत्या. मी विचारलं, सगळी पोचली का?

ती म्हणाली, “सगळी इली गो. गुरां इली, कोंबडी इली, मांजर पण आपणच चलत इला. तूच तेवढां भायर रवलंस.”