टण आणि ढब

तेमुकिसाच्या घरी पाणी डोळ्यांनी बघत नसत, कानांनी ऐकत. घराच्या पाठीमागे पत्र्याची उंच टाकी होती, छपराच्या पन्हळीतून पावसाचं पाणी तिच्यात पडायचं. झाकण उघडून बघायचं म्हणजे शिडी आणा, वर चढा, आणि तेवढ्यात डास आत शिरायचे. म्हणून बेटावरच्या सगळ्या बायांसारखी तेमुकिसाही मूठ वळून टाकी वरून खाली वाजवत यायची. वर टण टण वाजायचं. एका जागी आवाज जड व्हायचा, ढब. तिथपर्यंत पाणी.

तिची लिता अडीच वर्षांची. रोज आईच्या पायाशी उभी राहून तिनं हे पाहिलं आणि दोन शब्द उचलले. मग तिनं सगळं जगच वाजवायला घेतलं. नारळ वाजवला, ढब. भाताचं पातेलं वाजवलं, टण. आजीच्या डोक्यावर टिचकी मारली आणि फार विचार करून म्हणाली, "टण." आजी, म्हणजे तेमुकिसाच्या सासूबाई पुआकेना, इतक्या हसल्या की त्यांना खोकला लागला.

एका रविवारी प्रार्थना संपल्यावर दारात पाळक सगळ्यांचे हात हातात घेत उभे होते. लितानं पुढे होऊन त्यांच्या पोटावर बोट वाजवलं आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "ढब." पाळकांचं पोट होतंच तसं. बाया पदरासारखे हातपंखे तोंडाशी धरून हसल्या, पाळकही हसले. त्या दिवसापासून बेटावरचा प्रत्येक माणूस तेच बोलायला लागला. दुकानात तांदूळ आहे का? टण. मासे मिळाले का? आज ढब. तेव्हा तेमुकिसाला लेकीचं कौतुक वाटलं होतं. पुढे त्याच दोन शब्दांनी तिच्या तोंडचं पाणी पळवलं.

पाऊस जानेवारीत शेवटचा पडला होता. जून उजाडला तरी आभाळ कोरडं. पुलाकाच्या, म्हणजे त्यांच्या रोजच्या कंदाच्या, खड्ड्यांत खारं पाणी वर आलं आणि ती अळूसारखी मोठी पानं कडेनं पिवळी पडून लोळायला लागली. सगळे समुद्रात आंघोळ करत आणि अंगावरचं मीठ घासायला एक करवंटी पाणी घेत. मदतीची बोट येणार, येणार, असं रेडिओवर रोज सांगत होते. तेमुकिसा रेडिओ बंद करून टाकायची. तिचा नवरा सेमेसे परक्या मालवाहू जहाजावर खलाशी होता आणि अकरा महिन्यांपासून घरी नव्हता. त्यामुळे राग काढायला हाताशी माणूसही नव्हता. सासूवर काढायची सोय नव्हती, देवावर काढायची भीती होती. राहिली टाकी. तिला ती रोज जरा जास्तच जोरानं ठोकायची.

सासूबाईंचा एक गुण तिला सोसवत नव्हता. दारात आलेल्या कुणालाही त्या रिकाम्या हातानं परत पाठवत नसत. शेजारची लोसा घडा घेऊन आली की त्या म्हणत, "घे गं, भर." तेमुकिसा आत भांडी आपटायची. लोसाच्या घरी नऊ माणसं, ती तरी काय करणार, हे तिलाही कळत होतं. पण मे महिन्यात जे झालं ते ती विसरू शकत नव्हती. टाकीचं पाणी जपायचं म्हणून तिनं लिताला विहिरीचं पाणी उकळून दिलं होतं. कमी उकळलं असेल, की विहिरीतच काही असेल, देव जाणे. पोरीला जुलाब लागले ते चार दिवस थांबेनात. डोळे खोल गेले. चौथ्या दिवशी तर तिनं काही वाजवलंसुद्धा नाही. नर्सबाई म्हणाल्या होत्या, हिला यापुढे फक्त पावसाचं पाणी द्यायचं, दुसरं काही नाही.

म्हणून तेमुकिसानं चोरी केली. चोरी आपल्याच घरातली, पण चोरीच. स्वयंपाकाच्या खोपटामागे जहाजावरून आलेलं एक निळं लोखंडी पिंप पडलं होतं. ते तिनं घासून धुतलं आणि रोज टाकीतून काढलेल्या पाण्यातली अर्धी बादली गुपचूप त्यात ओतली. स्वतः अंग धुणं सोडलं. तिच्या पाठीवर मिठाची पांढरी नक्षी उमटायची आणि ती रात्रभर खाजवत राहायची. पिंपावर जुनी चटई, चटईवर सुक्या झावळ्या. सासूला सांगितलं नाही, कारण सासूला सांगणं म्हणजे लोसाला सांगणं. महिन्याभरात पिंप गळ्यापर्यंत आलं. कधी कधी ती एकटीच जाऊन ते वाजवायची, आणि तो जड आवाज ऐकून तिला झोप यायची.

एकटीच, असं तिला वाटत होतं.

जूनच्या दुसऱ्या शुक्रवारी दुपारी गावच्या सभाघरात सगळ्यांना बोलावणं आलं. खांबांशी वडीलधारे, त्यांच्यामागे घरोघरची माणसं, चटयांवर मांडी घालून. गावप्रमुख तेलुपेकाका म्हणाले की आता ज्याचं त्याचं चालणार नाही. चर्चच्या हौदात सगळ्यांचं पाणी एकत्र करायचं आणि प्रत्येक घराला दिवसाला दोन बादल्या मिळतील. तेव्हा एकेक घर उठून सांगा, तुमच्याकडे किती आहे.

तेमुकिसानं मनात हिशेब केला. दोन बादल्यांत तीन माणसं जगतील, पण त्या हौदाची भिंत एका बाजूला फुटकी होती, त्यात खारं पाणी झिरपतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. ते लिताला पाजायचं? मे महिना पुन्हा?

तिचं नाव आलं. ती उठली. लिता तिच्या कडेवर होती.

"टाकीत तळाला हातभर आहे, काका. बाकी टण," ती म्हणाली.

सभेत हसू उमटलं. टाकीपुरतं ते खरंच होतं. ती खाली बसणार, तेवढ्यात लितानं मान वर केली. आपला शब्द कुणी चुकीचा वापरला की तिला खपत नसे.

"ताकी टण," तिनं मान्य केलं. मग बोट घराच्या दिशेला करून म्हणाली, "निया ढब. आई, निया ढब ढब."

लोक आणखी हसले. मग एकेकाचं हसू थांबत गेलं. त्या दोन शब्दांचा अर्थ आता बेटावर पाळकांपासून कोंबड्यांपर्यंत सगळ्यांना कळत होता, आणि तेमुकिसाच्या घरामागचं निळं पिंपही सगळ्यांनी कधी ना कधी पाहिलं होतं.

तेमुकिसाला वाटलं, जमीन फाटावी. कानशिलं तापली. तिला लिताचा राग आला, लोसाचा आला, सेमेसेचा आला, आभाळाचा आला. माफी मागायची म्हणून तिनं तोंड उघडलं आणि बाहेर भलतंच पडलं.

"हो, आहे. पिंपभर आहे. माझ्या अंगावरचं मीठ बघा, म्हणजे कळेल कुठून आलं ते. मे महिन्यात ही पोर मरता मरता वाचली तेव्हा सभा नव्हती भरली. तुमच्या फुटक्या हौदातलं पाणी मी हिला पाजायचं आणि मग पुन्हा चार दिवस हिच्या उशाशी बसायचं? घ्या पिंप. पण ज्यांच्या घरी लहान पोर आहे त्यांनी काय करायचं तेवढं सांगा आणि मग घ्या."

सभेत तरण्या सुना असं बोलत नसत. कुणीतरी घसा खाकरला. मागून लोसा हळूच म्हणाली, "माझंही धाकटं परवापासून पातळ करतंय."

मग तेलुपेकाकांची बायकोच बोलली. नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "आमच्या खाटेखाली दोन डबे आहेत. तेही ढब आहेत." तेलुपेकाकांनी झटकन मान वळवली. त्यांना ही बातमी सभेतच कळली होती.

त्यानंतर आणखी तीन घरं निघाली. एक पीठ ठेवायचं पिंप, एक आंघोळीचं घमेलं, एका म्हाताऱ्यानं तर होडीतच भरून वर फळ्या टाकल्या होत्या. ठरलं असं की हे लपवलेलं पाणी हौदात जाणार नाही, नर्सबाईंकडे जाईल. पाच वर्षांच्या आतल्या सगळ्या पोरांना रोज सकाळी तिथूनच उकळलेलं मिळेल. बाकीच्यांना हौदाचं.

म्हणजे तेमुकिसाला हवं ते मिळालं. तरी घरी जाताना तिचा पारा उतरला नव्हता. जे एका पोरीसाठी होतं ते आता एकवीस पोरांत जाणार होतं. किती दिवस पुरेल? वाटेत सासूबाई काठी टेकत शेजारून चालत होत्या.

"मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"निळं पिंप. ही भवानी मला रोज दुपारी हात धरून दाखवायला न्यायची. म्हटलं, सून सांगेल तेव्हा सांगेल."

तेमुकिसा वाटेतच थांबली. महिनाभर ती या बाईपासून लपवायला चटया नि झावळ्या रचत राहिली होती. "मग लोसाला तिथलं का नाही दिलंत?"

"ते माझं नव्हतं," सासूबाई म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

दुसऱ्या दिवशी तेमुकिसानं चौदा खेपा करून पिंप रिकामं केलं. कुणी मदतीला आलं की ती नको म्हणायची, आणि कुणी आलं नाही की मनात चरफडायची. शेवटची बादली उचलल्यावर लितानं पिंप वाजवलं आणि खालचा ओठ काढून आईकडे पाहिलं. "टण," ती म्हणाली.

"हो, टण. तुझीच करणी," तेमुकिसा म्हणाली. पण हात न उगारता तिनं पोरीला काखोटीला मारलं, बादली दुसऱ्या हातात घेतली आणि चालू लागली.

त्या दिवसापासून तिचं खरं नाव मागे पडलं. हौदाच्या रांगेत बाया हाक मारायच्या, "ए ढबची आई, पुढे सरक." लोसा तर लांबून ओरडायची. तेमुकिसा दातओठ खाऊन पुढे सरकायची. संध्याकाळच्या घरच्या प्रार्थनेत सासूबाई नेहमी बायबलातल्या जड शब्दांत देवाशी बोलत. त्या आठवड्यात त्यांनी डोळे मिटून एवढंच म्हटलं, "देवा, टण झालंय. तुला कळतंय ना." लितानं मोठ्यानं आमेन म्हटलं. तेमुकिसानंही म्हटलं, जरा उशिरानं.

बुधवारी टेलिफोनच्या कचेरीतून निरोप आला, सेमेसेचा फोन येणार आहे. ती लिताला घेऊन जाऊन बसली. तासाभरानं घंटा वाजली. आवाज समुद्राच्या तळातून आल्यासारखा येत होता.

"पाऊस पडला का गं?" त्यानं विचारलं.

"टण," ती म्हणाली.

"काय?"

"टण रे. टण."

"नीट ऐकू येत नाही. काय वाजतंय?"

पाळकांना कळतं, दुकानदाराला कळतं, तेलुपेकाकांच्या खडूस बायकोला कळतं. पोरीच्या बापाला तेवढं कळत नाही. सांगायला गेलं तर टाकीपासून सुरुवात करायला हवी, आणि लाईन आता तुटेल की मग तुटेल. तिनं दोनदा सुरुवात केली, दोनदा तिचं तिलाच धड बोलता येईना. शेवटी वैतागून तिनं रिसीव्हर लिताच्या कानाला लावला. "तूच सांग तुझ्या बापाला."

लितानं सांगितलं नाही, तिनं रिसीव्हर वाजवून दाखवला. "टण," ती बापाला म्हणाली. मग मेजावरचा पाण्याचा तांब्या वाजवला. "ढब."

पलीकडे बराच वेळ नुसती खरखर होती. तेमुकिसाला वाटलं, गेली लाईन. तेवढ्यात आवाज आला. सेमेसेनं काहीतरी लोखंडी वाजवलं होतं, सावकाश, तीनदा. जड, भरलेला आवाज.

लितानं डोळे मोठे केले. "बाबा ढब," तिनं आईला सांगितलं.

तेमुकिसानं रिसीव्हर घेतला. "काय वाजवलंस रे?"

"इथं भिंतीपलीकडे जहाजाची पिण्याच्या पाण्याची टाकी आहे," तो म्हणाला. "कालच बंदरात भरली."

"वा," ती म्हणाली. "तिकडे ढब नि इकडे टण. छान वाटणी केलीय देवानं." आणि डोळे पुसत, त्याच रागात, तिनं त्याला सांगितलं, "पुन्हा वाजव. तिला ऐकायचंय."