तिचा निबंध मी शुद्ध केला

आमच्या एम.ए.च्या वर्गात एक रिवाज होता. खेड्यातल्या मुलामुलींनी निबंध लिहायचा आणि सरांकडे देण्याआधी जळगावातल्या कुणाकडून तो ‘शुद्ध’ करून घ्यायचा. माझं मराठी चांगलं, असा बोभाटा असल्यामुळे सगळे माझ्याकडेच यायचे. मला ते आवडायचंही, खोटं कशाला बोलू.

विषय होता परकीय गुंतवणूक आणि विकास. वर्गातला एकच निबंध धुळ्याच्या परिसंवादात वाचला जाणार होता, आणि तो माझाच असणार हे मी घरी सांगूनही टाकलं होतं. माझ्या निबंधात शब्द भारी होते, आत काही नव्हतं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

माझी मैत्रीण धरणगावजवळच्या खेड्यातली. एका रविवारी ती निबंध घेऊन जळगावात पिंप्राळ्याला आमच्या घरी आली. तिच्या गावाच्या शिवारात परदेशी पैशातून सूतगिरणी निघाली होती, त्यावर तिने लिहिलं होतं. ती आईशी बोलत स्वयंपाकघरात बसली आणि मी बाहेर लाल पेन घेऊन वाचू लागले. तिसऱ्या पानावर एक वाक्य आलं : ‘कंपनी गावात आली, पण गाव कंपनीत गेलं नाही.’

माझ्या पोटात दुखलं. हे मला सात जन्मांत सुचलं नसतं. जिच्या दर दुसऱ्या ओळीवर मी खुणा करत होते, तिला ते सुचावं याचा रागच आला. मी ते खोडलं आणि वर लिहिलं, ‘गुंतवणुकीच्या तुलनेत स्थानिक रोजगारनिर्मिती मर्यादित राहिली.’

तिने वाचलं. “आते कसं भारी वाटस,” म्हणाली आणि चहा पिऊन गेली. ती गेल्यावर तिचं वाक्य मी माझ्या निबंधात घातलं.

सरांनी माझा निबंध निवडला. वर्गात ते वाक्य दोनदा वाचून दाखवलं आणि म्हणाले, शब्द निवडावे तर असे. ती माझ्या शेजारीच बसली होती. मी वहीत डोकं घातलं. ती काहीच बोलली नाही, आणि तिच्या त्या गप्प बसण्याचाही मला हेवा वाटला. मी असते तर वर्ग डोक्यावर घेतला असता.

तास संपल्यावर जिन्यात तिने मला थांबवलं.

“धुळाले वाचशी तवय ते वाक्य जरासं हळू वाच,” ती म्हणाली. “ते मन्ही माय बोलनी व्हती. तिले गिरणीना गेटवरून परत धाडं व्हतं, तवय.”