पंधरा ते अठराची आलमारी

"आलमारीला कुलूप लावा म्हणजे लावा, अक्का! आजच्या आज!"

"किल्ली माझ्याकडं आहे, आप्पा. मी ती देत नाही."

"मग दुसरं कुलूप आणतो."

"आणा. त्याचीही किल्ली माझ्याकडंच येणार. ग्रंथपाल मी आहे!"

शिवलिंगआप्पा म्हणजे आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष, गावात कापडाचं दुकान. शेजारी गुरुजी, रिटायर हेडमास्तर. समोर किशनराव, तक्रारदार. तक्रार अशी की त्यांच्या सुनंदाला बघायला पाहुणे आले. पोहे झाले, चहा झाला. सुनंदानं मुलाला विचारलं, "तुम्ही शेवटचं काय वाचलंत?" मुलगा म्हणाला, "सातबारा."

दुसऱ्या दिवशी किशनरावांच्या आतल्या घरातून निरोप गेला, "नको." सोयरीक मोडली. किशनरावांचं म्हणणं, पोरगी माझ्या आलमारीनं बिघडवली.

आलमारीवर पाटी होती, 'पंधरा ते अठरा'. त्या वयाच्या पोरापोरींसाठी मी निवडलेल्या कादंबऱ्या तिच्यात होत्या. त्या वयात काय वाचावं हे ठरवायला त्या दिवशी असे तिघं बसले होते, ज्यांनी त्या वयात काहीच वाचलेलं नव्हतं.

भांडण जरा इथंच थांबवते. पुस्तकांना वाळवी लागते, किश्श्यांना लागत नाही. ते नुसते साचत जातात, आणि एक ओढला की चार खाली पडतात. ते चार आधी ऐका.

* * *

मी शाळेत गेले नाही. किराण्याच्या पुड्यांचे कागद सोडवून सोडवून वाचायला शिकले. त्यामुळं कित्येक वर्षं माझी समजूत होती की गोष्ट मधूनच सुरू होते आणि ऐन रंगात आली की संपते. पुढं आख्खं पुस्तक हातात आलं तेव्हा कळलं, गोष्टीला शेवटही असतो!

तेव्हापासून मी पुस्तक देते, शेवट सांगत नाही. एका पोरीनं फार गळ घातली, "अक्का, एवढं सांगा, ती जगते का?"

मी म्हणाले, "तू पुस्तक वेळेवर परत आणलंस तर जगते."

तिनं ते दुसऱ्याच दिवशी आणलं.

* * *

लातूर नवा जिल्हा झाला आणि त्याच्या मागोमाग दुष्काळ आला. जिल्ह्याचं गाव जवळ आलं, पाणी लांब गेलं.

टँकर यायचा नऊला, असं सांगायचे. पोरी सहालाच घागरी लाइनीत लावायच्या. तो यायचा बाराला. नंबर घागर धरते, पोरगी मोकळी. एवढ्या पोरी एका जागी आणि हाताला काम नाही, असं आमच्या गावात कधी घडलं नव्हतं. मी पाटीत कादंबऱ्या भरल्या आणि लिंबाखाली जाऊन बसले.

एक पोरगी मोठ्यानं वाचायची, बाकीच्या ऐकायच्या. बाया त्यांच्याकडं पाठ करून बसायच्या, म्हणजे आपण ऐकत नाही असं दिसावं. वाचणारीचा आवाज बारीक झाला की त्या पाठींकडूनच हुकूम यायचा, "मोठ्यानं वाच की गं!"

टँकरवाला रशीदभाई, मुखेडचा. एकदा त्यानं हॉर्न वाजवला तर कुणी उठेना.

"पानी नको का?"

"दोन पानं राहिलीत, थांबा!"

थांबला. दुसऱ्या दिवशी न सांगता थांबला. मग पलीकडच्या आळीनं अर्ज केला की टँकर लिंबाखालीच दीड दीड तास उभा असतो. रशीदभाईला जाब विचारला गेला. त्यानं लिहून दिलं, 'गरम झाल्यामुळे थांबावे लागते.'

मी म्हणाले, "खोटं लिहिलंस!"

"झूट न्हाई, अक्का. त्या गोष्टीतल्या पोरीला भावानं कोंडून घातलं ना, तवापासून माझं डोस्कं गरम हाय."

* * *

गुरुजींना एका कादंबरीतली दोन पानं या वयाला योग्य वाटेनात. पुस्तक फाडणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. त्यांनी कणकेची खळ करून ती पानं एकमेकांना चिकटवली.

तोवर त्या कादंबरीला कुणी विचारत नव्हतं. आता रांग लागली. "अक्का, ते चिकटवलेलं द्या!" आत काय असेल याच्या डझनभर गोष्टी गावात तयार झाल्या. त्यातल्या दोन-तीन तर मलाही माहीत नव्हत्या, आणि मी चार बाळंतपणं केलेली बाई!

आठ दिवसांनी उंदरानं खळ खाल्ली आणि पानं आपोआप मोकळी झाली. आत एवढंच होतं की ती आडातून पाणी शेंदते आणि तो दोर धरतो.

मागणी बंद पडली. मी गुरुजींना म्हणाले, "पुन्हा चिकटवा."

* * *

आप्पांनी एक कादंबरी तपासायला म्हणून घरी नेली. चार महिने झाले तरी पुस्तक येईना. शेवटी मी दुकानात गेले.

"तपासणी चालू हाय," आप्पा कापडाच्या ताग्यामागून बोलले.

पुस्तक गादीखालून निघालं. शेवटून तिसऱ्या पानात खूण म्हणून शर्टाच्या कापडाची चिंधी.

"काही वावगं सापडलं का, आप्पा?"

"अजून न्हाई सापडलं. दुसरा भागबी तपासावा लागंल."

* * *

मग वरून फॉर्म आला. त्यावरचं छापील उस्मानाबाद खोडून शाईनं लातूर केलेलं. मोठ्या मुलामुलींसाठी शिफारस करावयाच्या वीस कादंबऱ्यांची यादी द्या, आणि प्रत्येकीपुढं रकाना, 'होणारा बोध'.

मी वीसही रकान्यांत लिहिलं, 'वाचून बघा.'

साहेब जीपमधून आले. "बाई, हे काय उत्तर झालं?"

"साहेब, ही पुस्तकं पंधरा ते अठरासाठी आहेत. पण तुम्हाला सवलत देते." आणि एक पुस्तक त्यांच्या हातात ठेवलं.

त्यांनी माझं शिक्षण विचारलं. शाळा नाही म्हटल्यावर त्या रकान्यात रेघ मारली. वाकडी आली. मी त्यांना पट्टी दिली.

"अध्यक्षांची सही घेऊन यादी पाठवा," म्हणाले आणि पुस्तक घेऊन गेले. आणि नेमकी तेव्हाच सुनंदाची सोयरीक मोडली.

* * *

तर भांडण. आप्पा म्हणत होते सही नाही, यादी नाही, आलमारी बंद. मी म्हणत होते, बंद झाली तर त्या पोरींना गावात दुसरं कोण पुस्तक देणार? तुमचं दुकान?

गुरुजी म्हणाले, "अक्का, वाचल्याचा माणसावर परिणाम होतो, हे तुम्हीच सांगता ना?"

"होतो म्हणजे? होतोच!"

"मग झाला की!"

आप्पांनी नवं कुलूप खिशातून काढून टेबलावर ठेवलं.

तेवढ्यात दारात कुणीतरी उभं दिसलं. गंगाबाई, किशनरावांची बायको, सुनंदाची आई. कमरेवर रिकामी घागर, टँकरच्या लाइनीला निघालेली, लिंबाखाली पाठ करून बसणाऱ्या बायांतली एक. वाचनालयाच्या आत तिनं कधी पाऊल टाकलेलं नव्हतं.

किशनराव खेकसले, "तुझं काय काम हाय इथं? घरी जा!"

ती गेली नाही. घागर उंबऱ्याच्या आत ठेवली, पदर सारखा केला. नवऱ्याकडं बघितलं नाही, माझ्याकडंही नाही. टेबलावरच्या कुलपाकडं बघत म्हणाली,

"पोरगी तर हाव म्हणाली होती, आप्पा, नको म्हणले ती मी, आन मला माझं नावबी वाचता येत न्हाई!"